लेसर, दोन आरसे आणि ग्रॅनाइटचा तुकडा: प्रकाशाचे पट्टे हवे तसे कसे घडवायचे

पावसाळ्यात बसस्टँडवरच्या साचलेल्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पसरला की रंगीत वलयं उमटतात. तेलाच्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. काही ठिकाणी लाटेवर लाट येऊन उजेड वाढतो, काही ठिकाणी लाटा एकमेकींना पुसून टाकतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. हीच गोष्ट मोजून-मापून घडवली की तिची कितीतरी कामं होतात. चष्म्याच्या काचेवरचा चकाकी घालवणारा लेप त्यावरच चालतो. ऑप्टिकल फायबरच्या आत अतिनील प्रकाशाचे पट्टे पाडून जी जाळी कोरतात ती पुलांवर आणि पाइपलाइनवर ताण मोजायला बसवतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी लायगो वेधशाळा उभी राहणार आहे, तिचे चार-चार किलोमीटर लांबीचे हातही याच तत्त्वावर गुरुत्वीय लहरी टिपणार आहेत.

हा लेख गोव्यातल्या त्या मुलांसाठी आहे ज्यांनी बीएस्सीला किंवा इंजिनिअरिंगला सूत्रं पाठ केली, परीक्षेत लिहिलीही, पण ज्यांच्या हातून प्रकाशाचा एकही उजळ-काळा पट्टा अजून हवा तसा उमटलेला नाही. घरातल्या एका खोलीत, फार पैसे न घालता ही सुरुवात करता येते. माझं ठाम मत असं, की नक्षीत दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं कारण तुमच्या मांडणीत कुठेतरी बसलेलं असतं, आणि ते ओळखायची सवय लागेपर्यंत महागडी उपकरणं घेण्यात काहीच अर्थ नाही.

आधी डोळे

बाजारात मिळणारे लेसर पॉइंटर लेबलवर ५ मिलिवॉट लिहितात, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून जास्त ताकदीचे असतात. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये आणखी एक धोका आहे. त्यात १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य किरणांपासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तयार होतो, आणि गाळणी नसेल तर ते अदृश्य किरणही बाहेर पडतात. डोळा मिटायची प्रतिक्रिया दिसणाऱ्या उजेडालाच होते, म्हणून हा प्रकार जास्त घातक. नवशिक्यांनी १ मिलिवॉटच्या आसपासचा लाल, शक्यतो मोड्यूल म्हणून मिळणारा लेसर घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. तुम्ही खाली बसल्यावर डोळे ज्या उंचीवर येतात त्या उंचीवर प्रकाशाची रेघ नको. टेबलाच्या पातळीवर ठेवा. किरण कुठे जातोय हे कागदाचा तुकडा आडवा धरून बघायचं, वाकून डोकावून कधीच नाही. घरात लहान मूल असेल तर खोलीला आतून कडी लावा.

लेसरची ओळख करून घ्या

सगळी गणितं तरंगलांबीवर उभी असतात, आणि लेबलवरचा आकडा नेहमीच बरोबर असतो असं नाही. घरात पडलेली जुनी सीडी इथे उपयोगी पडते. साध्या ७४ मिनिटांच्या सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. (८० मिनिटांच्या सीडीत ते १.५ च्या आसपास येतं, तेवढं बघून घ्या.) पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेसर सीडीवर अगदी काटकोनात सोडा, म्हणजे सरळ परतलेला ठिपका त्याच भोकावर येईल. सीडी पुठ्ठ्यापासून बरोबर १ मीटरवर असू द्या. आता पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना जे पहिले ठिपके पडतात त्यांचं मधल्या भोकापासूनचं अंतर मोजा. ते ४४.५ सेंटिमीटर आलं तर लेसर ६५० नॅनोमीटरचा, ४३ च्या थोडं पुढे आलं तर ६३५ चा. दोन्ही बाजूंची अंतरं सारखी नसतील तर सीडी तिरकी आहे, ती नीट करून पुन्हा मोजा.

या एका मोजणीतून दोन गोष्टी हाताला लागतात. तरंगलांबी कळते, आणि रेघा जितक्या दाट तितका प्रकाश जास्त कोनात फेकला जातो हेही डोळ्यांना दिसतं. डीव्हीडीवर रेघा ०.७४ मायक्रोमीटरवर असतात. तिचा पहिला ठिपका त्याच १ मीटरवर थेट १.८ मीटर लांब जाऊन पडतो. ही चाचणी शेवटी पुन्हा लागेल.

टेबल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपण ज्या मांडणीकडे जातोय तिच्यात एक आरसा १६० नॅनोमीटर हलला की उजळ पट्ट्याच्या जागी काळा येतो. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे दारावरून गेलेली मोटारसायकल, शेजारच्या खोलीतलं वॉशिंग मशीन, गच्चीवर धावणारी पोरं, या सगळ्यांची नोंद तुमच्या नक्षीत होणार.

गोव्यात एक सोय मोठी आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी ग्रॅनाइट कापणारी दुकानं जवळपास प्रत्येक शहरात आहेत, आणि त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडून असतात. दोन फूट बाय दीड फूट, पाऊण इंच जाडीचा तुकडा मागा. दोन तुकडे मिळाले तर एकावर एक ठेवून वजन वाढवता येतं. वजन जितकं जास्त तितकं बाहेरच्या कंपनाला ते हलवणं कठीण. खाली स्कूटरची ट्यूब ठेवायची, हवा निम्मीच भरलेली. टणक फुगवली तर ती दगडासारखीच कंपनं पोहोचवते. तुकडा ट्यूबवर ठेवून एका कोपऱ्याला बोटाने हलकं दाबा. तो सावकाश, सेकंदाला दोन-तीन वेळा झुलून थांबला तर ट्यूब ठीक भरली आहे. तुरुतुरु थरथरला तर हवा कमी करा.

जागा निवडताना तळमजल्याची खोली घ्या, जिथे फरशी थेट जमिनीवर बसवली आहे. जुन्या चिऱ्यांच्या घरांतल्या आतल्या खोल्या यासाठी फार चांगल्या: जाड भिंती, तापमान दिवसभर जवळपास सारखं, आणि खिडक्या लहान. फ्लॅटमध्ये राहत असाल तर स्लॅबच्या मधोमध टेबल मांडू नका; दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात किंवा खांबाजवळ स्लॅब सगळ्यात कमी हलतो. ज्यांची घरं ट्रकांच्या रस्त्यालगत आहेत, डिचोली-सांखळी-उसगावच्या बाजूला, त्यांनी रात्री अकरानंतर किंवा पहाटे काम करावं. कोकण रेल्वेचा मार्ग जवळ असेल तर गाड्यांच्या वेळा समोर लिहून ठेवा.

दुसरा शत्रू हवा. हवा १ अंशाने तापली की तिचा अपवर्तनांक (ती प्रकाशाला किती मंद करते तो आकडा) सुमारे दहा लाखात एकाने बदलतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण प्रकाश २० सेंटिमीटरच्या हातातून जाऊन परत येतो, तेव्हा एवढ्याशा बदलाने नक्षी अर्ध्याहून जास्त पट्टा सरकते. म्हणून पंखा बंद, एसी बंद, आणि सगळ्या मांडणीवर पुठ्ठ्याचं किंवा थर्माकोलचं खोकं. मे महिन्यात पंख्याशिवाय बसणं हाल आहेत हे खरं, त्यामुळे शक्य असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करावी.

मांडणी: मायकेल्सनचा व्यतिकरणमापी

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेल्सनने १८८१ मध्ये ही रचना वापरली आणि १९०७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. रचना अगदी साधी: एक काच प्रकाशाचे दोन भाग करते, ते दोन भाग दोन आरशांवरून परततात, आणि त्याच काचेवर पुन्हा एकत्र येतात. शिकायला याहून चांगली मांडणी मला माहीत नाही, कारण हिच्यात प्रत्येक गोष्ट वेगळी बदलता येते आणि बदल लगेच भिंतीवर दिसतो.

आरसे घरातले चालणार नाहीत. त्यांचा चांदीचा थर काचेच्या मागे असतो, त्यामुळे पुढची काच स्वतःचं एक वेगळं प्रतिबिंब देते. आपल्याला थर पुढच्या बाजूला असलेला आरसा हवा. बंद पडलेल्या स्कॅनर किंवा झेरॉक्स मशीनच्या आत लांब पट्टीसारखे असे आरसे असतात. तेही नाही मिळाले तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून खराब हार्ड डिस्क घ्या. तिच्यातल्या चकत्या उत्तम आरसे असतात. चकतीला बोट लावू नका, कडेने धरा. काचेची चकती वाकवली की तिचे तुकडे उडतात, म्हणून कापायच्या भानगडीत न पडता आख्खीच वापरा.

प्रकाश विभागणाऱ्या काचेसाठी काचवाल्याकडे शोकेसच्या किंवा टेबलटॉपच्या १० मिलिमीटर जाड काचेचा तळहाताएवढा तुकडा मागा. साधी खिडकीची काच का नको, तर काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्ही प्रकाश परतवतात. ४५ अंशांवर ठेवलेल्या १० मिलिमीटर काचेतून ही दोन प्रतिबिंबं साडेसात मिलिमीटरने सुटी होतात, म्हणून नको असलेलं सहज अडवता येतं. पातळ काचेत ती एकमेकांवर चढतात आणि नक्षीत भलतेच पट्टे घुसतात.

इथे पुष्कळांना शंका येते: साधी काच तर जेमतेम थोडासाच प्रकाश परतवते, मग दोन भाग सारखे कसे होणार? मायकेल्सनची खुबी इथेच आहे. एक किरण आधी काचेतून आरपार जातो आणि परतताना तिच्यावरून उलटतो. दुसरा आधी उलटतो आणि परतताना आरपार जातो. दोघांनाही एकदा उलटण्याचा आणि एकदा आरपार जाण्याचा सारखाच तोटा सोसावा लागतो. भिंतीकडे जाणारे दोन्ही भाग त्यामुळे समसमान निघतात, फक्त एकूण उजेड कमी. अजून एक सोपी युक्ती: लेसर डायोडचा प्रकाश बहुधा एकाच दिशेत ध्रुवित असतो, म्हणजे त्याची लाट एकाच दिशेत डोलते, आणि ४५ अंशांवरची काच एका दिशेचा सुमारे ९ टक्के, तर दुसऱ्या दिशेचा १ टक्क्याहूनही कमी प्रकाश परतवते. लेसर स्वतःभोवती सावकाश फिरवा आणि परतलेला ठिपका जिथे सगळ्यात उजळ होतो तिथे घट्ट करा.

दोनपैकी एक आरसा फिरता, म्हणजे स्क्रूने जरासा तिरका करता येणारा हवा. दोन पत्र्यांच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यांमध्ये तीन स्क्रू आणि दोन स्प्रिंग बसवून ते जमतं. तीन मिलिमीटरच्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दोन स्क्रूंमध्ये ५० मिलिमीटर अंतर ठेवलं, तर भिंतीकडे जाणाऱ्या किरणांमध्ये १ मिलिमीटर अंतराचे पट्टे पाडण्यासाठी स्क्रू केवळ १२ अंश फिरवावा लागतो, म्हणजे घड्याळाच्या दोन मिनिटांएवढा. म्हणूनच स्क्रूच्या डोक्यावर लांब काडी किंवा मोठं बटण चिकटवा; बोटाचं नियंत्रण वाढतं.

आता जुळवणी. काच ४५ अंशांवर, दोन्ही आरसे काचेपासून साधारण १५ सेंटिमीटरवर. जाड काचेमुळे सरळ गेलेल्या प्रकाशाला काच तीनदा ओलांडावी लागते आणि वळलेल्याला एकदाच, म्हणून वळलेला हात ६ मिलिमीटर जास्त लांब ठेवा. स्वस्त लेसरच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे; कारण पुढे येईलच. दोन-तीन मीटर दूरच्या भिंतीवर ठिपक्यांचे दोन घोळके दिसतील. एका आरशासमोर कागद धरा आणि कोणते ठिपके त्याचे हे ओळखा. मग फिरत्या आरशाचे स्क्रू फिरवून दोन्ही घोळक्यांतला सगळ्यात उजळ ठिपका एकमेकांवर आणा. अगदी एकावर एक बसले की ठिपक्यात एक प्रकारची थरथर दिसू लागते. तीच खूण. आता जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधलं किंवा मोडक्या वेबकॅममधलं छोटं भिंग काचेनंतर, भिंतीच्या आधी ठेवा. ठिपका पसरून हातभर होतो आणि त्यात काळे-लाल पट्टे उभे राहतात.

पट्टे दिसले की लगेच एका आरशासमोर कागद धरून बघा. पट्टे गेले पाहिजेत. राहिले, तर ते तुमच्या व्यतिकरणमापीचे नव्हेत. काचेच्या दोन पृष्ठभागांचे किंवा भिंगावरच्या धुळीचे आहेत.

नक्षी काय सांगते

पट्ट्यांमधलं अंतर दोन किरणांमधला कोन सांगतं. घरातले दोन सारखे कंगवे एकावर एक धरा आणि एक जरासा तिरका करा: तिरकेपणा कमी असला की गडद पट्टे रुंद येतात, वाढवला की दाट होतात. प्रकाशाचंही तसंच. ६५० नॅनोमीटरच्या लेसरला दोन किरणांत ०.१ अंशाचा कोन असेल तर पट्टे ०.३७ मिलिमीटरवर येतात, १ अंशाला ३७ मायक्रोमीटर, १० अंशांना ३.७ मायक्रोमीटर, ६० अंशांना ०.६५ मायक्रोमीटर. दोन किरण समोरासमोरून आले की ३२५ नॅनोमीटर; हवेत या लेसरने याहून बारीक पट्टे पाडता येत नाहीत. सूत्र असं: तरंगलांबीला कोनाच्या निम्म्याच्या साइनच्या दुपटीने भागा.

पट्ट्यांचा आकार दोन लाटांच्या वक्रतेतला फरक सांगतो. दोन्ही लाटा सारख्याच सपाट किंवा सारख्याच गोल असतील तर पट्टे सरळ येतात. भिंग काचेच्या आधी ठेवून पसरता प्रकाश आत सोडा आणि एक हात थोडा लांब करा: आता एक लाट जास्त लांबून आलेली, म्हणून जरा कमी वाकलेली, आणि भिंतीवर वर्तुळं उमटतात. हातांच्या लांबीतला फरक कमी करत नेला की वर्तुळं मधल्या बिंदूत गडप होत जातात आणि उरलेली रुंद होतात. प्रत्येक गडप झालेलं वर्तुळ म्हणजे आरसा ३२५ नॅनोमीटर सरकला. सरळ पट्टे मध्येच वाकडे दिसले तर आरशाचा किंवा काचेचा तेवढा भाग सपाट नाही. काचेचा सपाटपणा तपासायची पद्धत हीच आहे, आणि नवशिक्याला सुरुवातीला जी नक्षी बिघडलेली वाटते ती खरं तर मोफत मिळालेलं मोजमाप असतं.

काळ्या पट्ट्याचा काळेपणा तीन गोष्टींवर ठरतो. पहिली, दोन किरणांची तीव्रता. ती समान असेल तर काळा पट्टा पूर्ण काळा. एक किरण दुसऱ्याच्या चौपट असला तरी काळेपणा ८० टक्के राहतो, नऊपट असला तर ६०, आणि शंभरपट असला तरीही २० टक्के उरतो. म्हणजे तीव्रतेतला फरक बराच खपतो. आरशावरच्या एका डागापायी हात टेकू नका. दुसरी, ध्रुवण. दोन किरणांची ध्रुवणदिशा एकमेकींना काटकोनात असेल तर दोन्ही कितीही उजळ असोत, पट्टे दिसणारच नाहीत. पट्टे फिके असतील तर पोलरॉइडची एक फित भिंतीआधी धरून फिरवा. कुठल्या तरी कोनात पट्टे ठळक झाले, तर दोष ध्रुवणाचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते: दोन हातांच्या लांबीतला फरक. लेसरच्या रंगात जितकी सरमिसळ तितक्या कमी फरकापर्यंत पट्टे टिकतात. तरंगलांबीच्या वर्गाला रंगाच्या पसाऱ्याने भागलं की ती मर्यादा साधारण कळते. पसारा १ नॅनोमीटरचा असेल तर ती अर्ध्या मिलिमीटरलाही पोहोचत नाही. लाल एलईडीचा पसारा २० नॅनोमीटर धरला तर जेमतेम २० मायक्रोमीटर. हीलियम-निऑन लेसरला मात्र काही सेंटिमीटर फरक सहज चालतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा आणि मायकेल्सन मिळाला तर एक प्रयोग जरूर करा. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९.० आणि ५८९.६ अशा दोन रेषांचा असतो. आरसा मागे सरकवत न्या. पट्टे फिके होत होत नाहीसे होतात, पुन्हा उगवतात, आणि दोन नाहीशा होण्यांमध्ये आरसा ०.२९ मिलिमीटर सरकलेला असतो. दोन रेषांमधलं अंतर या एकाच आकड्यातून काढता येतं. पुस्तकातल्या चार पानांहून हा अर्धा तास जास्त शिकवतो.

नक्षी हलत असेल तर ती कशी हलते ते बघा. बारीक थरथर, म्हणजे कंपन: ट्यूब, स्क्रू, ढिला आरसा तपासा. पट्टे संथपणे इकडे-तिकडे डोलत असतील तर हवा. खोकं नीट झाका. एकाच दिशेने सतत वाहत असतील तर काहीतरी तापतं किंवा निवतं आहे. बहुधा लेसर, किंवा तुमच्या हाताच्या उबेने गरम झालेला स्क्रू. आणि पट्टे स्थिर असताना अचानक फिके पडून पुन्हा ठळक झाले, तर डायोड एका तरंगलांबीवरून दुसरीवर उडी मारतो आहे. त्याला सेलऐवजी स्थिर वीजपुरवठा द्या, जरा मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात बसवा आणि कामाआधी पंधरा मिनिटं चालू ठेवा. आरशावरून परतलेला प्रकाश थेट लेसरच्या तोंडात शिरत असेल तरीही तो असाच बिथरतो. मांडणी केसभर तिरकी करून परतीचा ठिपका तोंडाच्या बाजूला पाडा.

पट्टे टिपून ठेवणं

नक्षी मनासारखी फिरवता यायला लागली की ती कायमची कोरण्याची इच्छा होते. त्यासाठी मायकेल्सन सोडून लॉइडच्या आरशाकडे या. ही रचना १८३४ ची आहे. मायकेल्सन सोडायचं कारण, त्यात तीन वेगवेगळे भाग हलू शकतात. लॉइडच्या मांडणीत एकच आरसा आणि त्याच्या कडेला काटकोनात चिकटवलेली, प्रकाशाची नक्षी टिपणारी फिल्म. पसरलेल्या प्रकाशाचा निम्मा भाग थेट फिल्मवर पडतो, निम्मा आरशावरून वळून तिथेच येतो. आरसा आणि फिल्म एकाच ठोकळ्यावर घट्ट असल्यामुळे कंपन दोघांना सारखंच लागतं.

प्रकाश आणि आरशाचा पृष्ठभाग यांत १५ अंश ठेवले तर पट्टे १.२६ मायक्रोमीटरवर पडतात, म्हणजे मिलिमीटरला जवळपास ८०० रेघा. लेसरचं पुढचं भिंग काढून टाकलं की प्रकाश आपोआप पसरतो. ठोकळा निदान एक मीटर दूर ठेवा, नाहीतर पसरत्या प्रकाशामुळे फिल्मच्या एका टोकाला रेघा दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ येतात. आरशाच्या कडेपासून १० मिलिमीटरवर दोन किरणांच्या वाटेतला फरक ५ मिलिमीटरपर्यंत जातो. त्यामुळे स्वस्त लेसरने कडेजवळच जाळी चांगली उमटते आणि पुढे विरत जाते.

फिल्म रसायनात न बुडवता आपोआप तयार होणारी फोटोपॉलिमर जातीची घ्या. घरी जिलेटिन आणि डायक्रोमेटचा थर बनवायच्या पाककृती सापडतात, पण त्यातलं क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे. घरच्या बेसिनमध्ये ते काम करू नका. दिवा बंद करूनच फिल्म लावा, आणि लावून झाली की लेसरपुढे पुठ्ठा आडवा ठेवून दहा मिनिटं गप्प बसा. ग्रॅनाइट, हवा, आरसा सगळं निवू द्या. मग पुठ्ठा टेबलाला धक्का न लावता उचला. किती वेळ प्रकाश द्यायचा ते फिल्मसोबतच्या कागदावर असतं. तेवढ्या वेळात पट्टे त्यांच्या रुंदीच्या दहाव्या भागाहून जास्त सरकता कामा नयेत.

तपासणी सीडीसारखीच. तयार जाळीतून लेसर काटकोनात सोडा आणि १ मीटरवरच्या भिंतीवर पहिला ठिपका मोजा. १.२६ मायक्रोमीटरच्या जाळीला तो ६० सेंटिमीटरच्या किंचित पुढे पडायला हवा. ५५ वर पडला तर रेघा विरळ आल्या, म्हणजे आरशाशी तुमचा कोन १५ पेक्षा कमी होता. ६५ वर पडला तर जास्त. ठिपका योग्य जागी पण अगदी मंद, तर कोन बरोबर आणि पट्टे टिपताना सरकले.

दमट हवेचा बंदोबस्त

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात भिंगावर बुरशी धरायला दोन-तीन आठवडे पुरतात. बुरशीचे धागे काचेवरच्या लेपालाच खातात आणि पुसून जात नाहीत. किनाऱ्याजवळच्या घरांत खारं वारं पुढच्या बाजूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आरशांवर बारीक ठिपके पाडतं. काम संपलं की भिंगं, आरसे आणि फिल्म घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या मुठीभर दाण्यांसोबत ठेवा. दाण्यांचा रंग पालटला की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून ते पुन्हा कोरडे करता येतात. तो तवा परत स्वयंपाकाला घेऊ नका. फिल्म फ्रिजमध्ये ठेवली असेल तर डबा बाहेर काढल्यावर तासभर तसाच बंद राहू द्या, नाहीतर तिच्यावर दव धरतं. आरशावरची धूळ रबरी फुग्याने उडवा, कापडाने घासू नका.

पुढचं पाऊल: तीन किरण

दोन किरणांनी रेघा पडतात, तीन किरणांनी षटकोनी जाळी. चार किरणांची चौकोनी नक्षी त्यांच्या आपसातल्या कलेप्रमाणे (फेज, म्हणजे लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत) रूपच बदलते, म्हणून ती सांभाळणं अवघड. तीन किरणांची नक्षी मात्र कला बदलली तरी केवळ सरकते, आकार तोच राहतो. सुरुवात त्यामुळे तीनपासून करा. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलला सगळ्यात बारीक सुईच्या टोकाने अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर समभुज त्रिकोणात तीन भोकं पाडा. खाली काच ठेवून सुई फक्त टेकवायची, दाबायची नाही. लेसरचा ठिपका तिन्ही भोकांवर पडेल असं फॉइल धरा आणि अंधाऱ्या खोलीत तीन मीटरवरच्या भिंतीकडे बघा. साडेचार मिलिमीटरच्या आसपास अंतर असलेल्या उजळ ठिपक्यांची जाळी दिसेल. एक भोक काळ्या टेपच्या कडेने झाका, की तिची पुन्हा साधी रेघांची नक्षी होते, आणि कोणतं भोक झाकलं त्यानुसार रेघांची दिशा ६० अंशांनी फिरते.